विश्लेषण : ‘अ‍ॅम्ब्युलन्सचे खरेच बिल येते?’ अमेरिकी आणि चिनी नेटकऱ्यांच्या गप्पांतून काय कळले, काय निसटले?

टिकटॉकवरील बंदीच्या भीतीने लाखो अमेरिकी तरुण एका चिनी अ‍ॅपवर गेले आणि दोन्ही देशांतील सामान्य माणसे अंड्यांचे भाव, दवाखान्याची बिले, कामाचे तास अशा विषयांवर एकमेकांशी थेट बोलू लागली. अमेरिकेतील टिकटॉकचा वाद जानेवारी २०२६ मध्ये नव्या संयुक्त कंपनीच्या स्थापनेने मिटला. मात्र त्या गप्पांतून तयार झालेले समज अजून दोन्हीकडे फिरत आहेत. त्यांत तथ्य किती?

नेमके काय घडले होते?

चिनी मालकीच्या टिकटॉकने अमेरिकेतील व्यवसाय विकावा, अन्यथा तेथे बंदीला सामोरे जावे, असा कायदा एप्रिल २०२४ मध्ये तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांच्या स्वाक्षरीने झाला. मुदत होती १९ जानेवारी २०२५. कंपनीच्या म्हणण्यानुसार तेव्हा अमेरिकेत टिकटॉकचे १७ कोटी वापरकर्ते होते. १० जानेवारीला सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीचा रोख पाहून बंदी अटळ असल्याचे अनेकांना वाटू लागले आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत एक अनपेक्षित गोष्ट घडली. ‘शाओहोंगशू’ हे चिनी अ‍ॅप अमेरिकेतील अ‍ॅपल अ‍ॅप स्टोअरवर पहिल्या क्रमांकावर पोहोचले. अमेरिकी लोक त्याला ‘रेडनोट’ म्हणतात.

शाओहोंगशू म्हणजे ‘छोटे लाल पुस्तक’. २०१३ मध्ये शांघायमध्ये सुरू झालेल्या या सेवेचे मूळ काम होते परदेशात जाणाऱ्या चिनी पर्यटकांना खरेदीची माहिती देणे. पुढे पाककृती, प्रवास, सौंदर्यप्रसाधने, घरसजावट असे सगळेच त्यावर आले. महिन्याला सुमारे ३० कोटी लोक ते वापरतात आणि त्यात शहरी तरुणींचे प्रमाण मोठे आहे. रॉयटर्सच्या वृत्तानुसार दोन दिवसांत त्यावर सात लाखांहून अधिक नवे सदस्य आले. त्यांनी स्वतःला नाव दिले ‘टिकटॉक निर्वासित’.

हेच अ‍ॅप का?

बंदीमागे अमेरिकी सरकारचे कारण होते माहितीच्या सुरक्षेचे. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्यानुसार तेथील संस्थांना आणि नागरिकांना सरकारी गुप्तचर यंत्रणांना सहकार्य करावे लागते. त्यामुळे अमेरिकी नागरिकांची माहिती चीनच्या हाती पडेल, अशी भीती होती. यावर तरुणांची प्रतिक्रिया चिडक्या विनोदाची होती. सरकार ज्या देशाची भीती घालते, थेट त्याच देशातील अ‍ॅपवर जाऊ, असा तो पवित्रा. ‘माझा चिनी हेर’ हा त्या दिवसांतला सर्वाधिक चाललेला विनोद. टिकटॉक बंद झाल्यावर आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या काल्पनिक हेराचा निरोप घ्यायचा किंवा नव्या अ‍ॅपवर त्याला शोधायचे, असे व्हिडीओ हजारोंनी आले.

अनोळखी माणसे बोलायला लागली कशी?

सुरुवात मांजरांपासून झाली. आमच्या अ‍ॅपवर आलात तर ‘मांजर कर’ भरा, म्हणजे आपल्या मांजराचा फोटो टाका, अशी गमतीची अट चिनी सदस्यांनी घातली आणि पाहुण्यांनी ती आनंदाने पाळली. त्यानंतर गृहपाठ आला. चिनी विद्यार्थी इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकांचे फोटो टाकून उत्तरे विचारू लागले.

यातला सर्वांत हृद्य भाग ‘ली हुआ’चा. चीनमधील शालेय इंग्रजीच्या परीक्षेत पत्रलेखनाचा प्रश्न हमखास असतो. ली हुआ नावाच्या विद्यार्थ्याच्या भूमिकेत जाऊन परदेशी मित्राला पत्र लिहायचे, आपल्या शहराची, सणाची माहिती द्यायची. आपल्याकडे दहावीला काल्पनिक नावाने मित्रास पत्र लिहितात, तसेच. गुण मिळतात, पण ते पत्र कुठेही जात नाही. चीनच्या काही पिढ्यांनी अशी पत्रे लिहिली. शाओहोंगशूवर आलेल्या अमेरिकी लोकांना ही गोष्ट समजली, तेव्हा त्यांनी ‘प्रिय ली हुआ’ अशा मायन्याची उत्तरे लिहायला सुरुवात केली. उत्तराला उशीर झाला म्हणून माफीही मागितली. शाळेतल्या त्या पत्रांना खरोखर कोणी उत्तर देईल, असे वाटले नव्हते, अशी भावना अनेक चिनी तरुणांनी व्यक्त केली.

भाषेची अडचण होतीच. डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपने त्या आठवड्यात सांगितले, की अमेरिकेत चिनी भाषा नव्याने शिकणाऱ्यांचे प्रमाण आदल्या वर्षीच्या याच काळाच्या तुलनेत २१६ टक्क्यांनी वाढले. शाओहोंगशूने घाईघाईने भाषांतराचे बटण आणले. त्यामागे भाषांतराचे साधे सॉफ्टवेअर नसून सूचना पाळणारे मोठे भाषा प्रारूप आहे, हेही वापरकर्त्यांनी लगेच ओळखले. मोर्स संकेतांतील मजकूरही ते उलगडून देत होते.

‘हिशेब जुळवणे’ म्हणजे काय?

मांजरांनंतर प्रश्न गंभीर झाले. अमेरिकेत अ‍ॅम्ब्युलन्सचे बिल येते हे खरे का? एका नोकरीत भागत नाही म्हणून लोक दुसरी करतात का? शैक्षणिक कर्ज किती वर्षे फेडता? पलीकडून अमेरिकी विचारत होते, तुम्हाला सरकार गुण देते का? दिवसाला बारा तास काम करता का? घराचे भाडे किती?

चिनी नेटकऱ्यांनी या देवाणघेवाणीला व्यापारातला एक शब्द दिला, ‘दुईझांग’. दुकानदार आणि घाऊक व्यापारी आपापल्या वह्या समोरासमोर ठेवून नोंदी पडताळतात, त्या कामाचा हा शब्द. आपल्या वहीत समोरच्या देशाविषयी जे लिहिले आहे, ते त्याच्या वहीशी जुळते का, हे पाहायचे. कल्पना चांगली आहे. मात्र हिशेब जुळवताना दोन्ही वह्या पूर्ण असाव्या लागतात. या ठिकाणी तसे होते का, हे गाजलेल्या चार-पाच प्रश्नांवरून तपासता येते.

अ‍ॅम्ब्युलन्सचे बिल : खरे की अतिशयोक्ती?

हे खरे आहे. अमेरिकेत अ‍ॅम्ब्युलन्सचे बिल शेकडो ते हजारो डॉलर येऊ शकते. विमा असूनही ते येते, कारण अ‍ॅम्ब्युलन्स पुरवणारी संस्था अनेकदा विमा कंपनीच्या करारात नसते. अशा अनपेक्षित बिलांपासून रुग्णांना वाचवणारा कायदा १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत लागू झाला. त्यात हवाई अ‍ॅम्ब्युलन्सचा समावेश झाला, पण रस्त्यावरून धावणारी साधी अ‍ॅम्ब्युलन्स वगळली गेली. चिनी नेटकऱ्यांनी नेमके या उणिवेवर बोट ठेवले होते.

चीनमध्येही १२० क्रमांकाची अ‍ॅम्ब्युलन्स फुकट नाही. अंतरानुसार शुल्क लागते, पण ते अमेरिकेच्या तुलनेत किरकोळ असते. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी सुरू झालेली १०८ सेवा मोफत आहे. गाडी वेळेवर येईल का, ही आपली काळजी असते. बिलाच्या भीतीने फोनच करायचा नाही, हा प्रकार आपल्याला अपरिचित आहे. तो चिनी वाचकांनाही तसाच वाटला, म्हणून हा प्रश्न एवढा गाजला.

प्रत्येक अमेरिकी दोन नोकऱ्या करतो?

येथे हिशेब चुकला. स्वतः दोन किंवा तीन ठिकाणी काम करणाऱ्या अमेरिकी लोकांनी आपले अनुभव लिहिले, ते झपाट्याने पसरले आणि ही तेथील सर्वसाधारण स्थिती असल्याचा समज झाला. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार एकापेक्षा जास्त नोकऱ्या करणाऱ्यांचे प्रमाण एकूण नोकरदारांच्या साधारण पाच टक्के आहे. ही संख्या ८० लाखांच्या पुढे जाते, म्हणजे लहान नाही. पण ‘सगळेच’ आणि ‘वीसात एक’ यांत फरक आहे. लिहिणारे खोटे बोलत नव्हते. ज्याला एका पगारात भागते, त्याला त्या विषयावर लिहिण्याचे कारणच नव्हते.

अंड्यांचा भाव सांगताना काय राहून जाते?

किराणा सामानाच्या पावत्या हा दोन्हीकडच्यांचा आवडता विषय होता. योगायोगाने त्याच महिन्यात बर्ड फ्लूमुळे अमेरिकेत अंडी कडाडली होती. जानेवारी २०२५ मध्ये डझनाचा सरासरी भाव ४.९५ डॉलरवर गेला, तेव्हाच्या दराने सव्वाचारशे रुपयांच्या आसपास. चिनी वापरकर्त्यांनी आपल्या बाजारातले भाव दाखवले आणि अमेरिकी थक्क झाले.

पण तुलनेत दोन अडथळे होते. पहिला मापाचा. अमेरिकेत अंडी डझनावर विकतात, चीनमध्ये बहुतेकदा ‘जिन’वर, म्हणजे अर्ध्या किलोच्या वजनावर. दुसरा अडथळा मोठा, तो पगाराचा. शांघायमध्ये तेव्हा किमान तासिका वेतन २४ युआन होते, म्हणजे साधारण ३.३ डॉलर. अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे आणि अनेक राज्यांत ते याहून बरेच जास्त आहे. त्यामुळे युआनचे डॉलर करून केलेली तुलना अपुरी ठरते. एखाद्या वस्तूसाठी किती मिनिटे काम करावे लागते, हा प्रश्न अधिक नेमका. ७.२५ डॉलरच्या हिशेबाने अमेरिकी कामगाराला त्या डझनभर अंड्यांसाठी सुमारे ४१ मिनिटे राबावे लागत होते. हे ४१ मिनिटांचे गणित पावतीच्या फोटोत दिसत नाही.

चीनविषयीचे समज किती टिकले?

चीनमधील प्रत्येक नागरिकाला सरकार एक गुणांक देते आणि तो घसरला की आयुष्य अडते, असा अमेरिकेत सर्रास समज आहे. चिनी नेटकऱ्यांनी तो खोडला आणि ते बरोबर होते. देशभर लागू असलेला असा एकच वैयक्तिक गुणांक नाही. मात्र न्यायालयाचा आदेश होऊनही देणे न फेडणाऱ्यांची काळी यादी आहे आणि त्यात नाव असलेल्यांना विमान आणि वेगवान रेल्वेची तिकिटे नाकारली जातात. म्हणजे ‘असे काही नसते’ हे उत्तरही पूर्ण नव्हते.

कामाच्या तासांचेही असेच. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्यातून सहा दिवस या ‘९९६’ पद्धतीला चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये बेकायदा ठरवले. तरीही सरकारी आकडेवारीनुसार २०२४ मध्ये उद्योगांतील कर्मचाऱ्यांचा सरासरी आठवडा सुमारे ४९ तासांचा होता. कायदा आणि कार्यालय यांतले हे अंतर आपल्या आयटी कंपन्यांतील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या गप्पांत कोणता चीन दिसला नाही?

सुबक स्वयंपाकघरे, स्वच्छ मेट्रो, रात्री उशिरा घरी येणारे गरम जेवण. अमेरिकी लोकांना दिसलेला चीन खरा होता, पण तो शाओहोंगशूचा चीन होता. शहरी, तरुण, बऱ्यापैकी कमावणारा. ग्रामीण भागातील वृद्ध त्या अ‍ॅपवर इंग्रजीत गप्पा मारत नव्हते. शेतकरी आणि नियमित नोकरी नसलेल्या नागरिकांसाठी चीनमध्ये जे मूलभूत निवृत्तिवेतन आहे, त्याची देशपातळीवरील किमान रक्कम २०२४ मध्ये वाढवल्यानंतरही महिना १२३ युआन होती. रुपयांत ती साधारण आपल्याकडील श्रावणबाळ योजनेच्या दीड हजारांएवढी भरते. चीनमध्ये सुमारे ९५ टक्के लोकांना सरकारी आरोग्य विम्याचे छत्र आहे, हे खरे. पण शहरी नोकरदाराला मिळणारी परतफेड आणि गावातल्या माणसाला मिळणारी परतफेड यांत बरीच तफावत असते.

दुसरी अदृश्य गोष्ट म्हणजे नियंत्रण. राजकारण, धर्म आणि अमली पदार्थ यांवर बोलू नका, अशा सूचना चिनी सदस्य पाहुण्यांना आपणहून देत होते. काही पाहुण्यांच्या पोस्ट हटवल्या गेल्याच्या तक्रारीही आल्या. त्याच दिवसांत कंपनीने इंग्रजी मजकूर तपासणाऱ्यांची भरती सुरू केल्याचे वृत्त आले. तरुणांमधील बेरोजगारी जून २०२३ मध्ये २१.३ टक्क्यांवर गेली, तेव्हा चीन सरकारने ती आकडेवारी देणेच काही महिने थांबवले आणि नंतर नव्या पद्धतीने सुरू केले. आकडा छापणेच जेथे थांबू शकते, तेथे सामान्य माणूस परक्यासमोर आपली बेकारी किती मोकळेपणाने मांडेल, हा प्रश्न उरतो.

अमेरिकी बाजूला अशी बंधने नव्हती. त्यामुळे अमेरिकी लोकांनी आपली दुखणी भरभरून सांगितली, चिनी लोकांनी जपून सांगितली. एक वही सगळी उघडी होती, दुसरीची काही पाने मिटलेली.

गप्पा प्रचारात कशा मिसळतात?

याचा परिणाम पुढे दिसला. २०२५ च्या अखेरीस चिनी इंटरनेटवर ‘मारकरेषा’ या अर्थाचा शब्द गाजू लागला. तो व्हिडीओ गेममधून आला आहे. खेळातील पात्राची ताकद एका मर्यादेखाली गेली, की पुढच्या एकाच फटक्यात ते संपते. अमेरिकी मध्यमवर्गही असाच एक आजार किंवा एक नोकरकपात झाली की थेट रस्त्यावर येतो, असे सांगण्यासाठी तो वापरला जाऊ लागला आणि चीनच्या सरकारी माध्यमांनीही तो उचलला. अमेरिकेत आरोग्य विमा नसलेल्यांचे प्रमाण सुमारे आठ टक्के आहे आणि बिलांची भीती खरी आहे. पण ‘काहींचे असे होते’ याचे ‘अमेरिका अशीच आहे’ झाले, की स्वतःच्या देशातील बेरोजगारीवर बोलण्याची गरज उरत नाही.

अमेरिकेतही सावधगिरीचे पाऊल लगेच पडले. टेक्सासच्या गव्हर्नरांनी जानेवारी २०२५ च्या अखेरीस सरकारी फोन आणि संगणकांवर रेडनोट वापरण्यास बंदी घातली.

मग या गप्पांनी काही बदलले का?

टिकटॉक १८ जानेवारीच्या रात्री बंद झाले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू झाले. २० जानेवारीला अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ७५ दिवसांची मुदतवाढ दिली, पुढे आणखी मुदतवाढी झाल्या. शाओहोंगशूवरील गर्दी ओसरली.

प्यू रिसर्च सेंटरच्या एप्रिल २०२५ मधील अहवालानुसार चीनविषयी प्रतिकूल मत असलेल्या अमेरिकी प्रौढांचे प्रमाण वर्षभरात ८१ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर आले. पाच वर्षांतील ही पहिली लक्षणीय घट होती आणि तरुणांत नाराजी तुलनेने कमी होती. याचे श्रेय एका अ‍ॅपला देता येणार नाही. पण या गप्पा किती दुर्मीळ होत्या, हे दुसऱ्या आकड्यावरून कळते. २०१९ च्या सुमारास चीनमध्ये ११ हजारांच्या आसपास अमेरिकी विद्यार्थी होते. करोनाकाळात ते साडेतीनशेवर आले आणि २०२४ पर्यंत जेमतेम हजाराच्या आत होते. समोरासमोर भेटण्याचे मार्ग असे आटले असताना मांजराच्या फोटोंना एवढे महत्त्व आले.

भारत या गप्पांत का नव्हता?

गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी भारताने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात वीचॅट आणि वेबोही होते. तेव्हा टिकटॉकचे भारतात सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. आपल्याकडे बंदी एका रात्रीत आली, त्यामुळे ‘निर्वासित’ होऊन दुसरीकडे जाण्याची वेळच आली नाही. त्याआधी चीनमध्ये सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी होते, बहुतेक वैद्यकीय शाखेचे. त्यांच्या फोनवरून घरी येणारी तेथील बाजाराची, हिवाळ्याची, मेसच्या जेवणाची वर्णने हीच आपली थेट माहिती होती. करोनाने तोही मार्ग आटवला.

परिणामी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला माहीत असतात, सीमेवरच्या चौक्यांची नावे पाठ असतात, पण चीनमधील आपल्याच वयाचा मुलगा घरभाड्याला पगाराचा किती वाटा देतो, हे माहीत नसते. २०२५ मध्ये चिनी पर्यटकांना व्हिसा देणे पुन्हा सुरू झाले, कैलास मानसरोवर यात्रा सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये थेट विमानसेवाही. सामान्य माणसांतील संवादाला मात्र अजून सोयीची जागा नाही. सुरक्षेची कारणे खरी आहेत. पण शेजाऱ्याविषयीची माहिती फक्त सीमेवरच्या बातम्यांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डमधून मिळत राहिली, तर आपली वही कोरीच राहील.

परदेशी मित्राने सांगितलेल्या गोष्टीकडे कसे पाहावे?

- सांगणारा कोण आहे? शहरातला की गावातला, कमावता की शिकणारा? त्याचा अनुभव खरा असतो, पण तो देशाची सरासरी नसतो.
- भाव सांगितला तर पगारही विचारावा. त्याशिवाय तुलना होत नाही.
- तो काय बोलू शकत नाही? गप्प राहण्याचे कारण दरवेळी समाधानच असते असे नाही.
- त्याच प्रश्नाचे उत्तर आपण आपल्या देशाविषयी प्रामाणिकपणे देऊ का? हिशेब दोन्ही बाजूंनी जुळवायचा असतो.

अ‍ॅम्ब्युलन्सचा प्रश्न सरकारी प्रवक्त्याने विचारला असता, तर तो टोमणा ठरला असता. ज्याला इंग्रजीचा गृहपाठ सोडवून दिला, त्या मुलाने विचारला म्हणून त्याला सरळ उत्तर मिळाले. ते उत्तर पुढे आकडेवारीशी ताडून पाहण्याचे काम मात्र वाचणाऱ्यालाच करावे लागते.